घाटाचा रकाना

आमच्या सायकल क्लबची मार्गपुस्तिका माझ्यासमोर उघडी आहे. उत्तर स्पेनची सहल, सात दिवस, बारा माणसं आणि सामानाची एक व्हॅन. प्रत्येक दिवसापुढे कुठून, कुठे, किती किलोमीटर आणि मुक्काम कुठे हे छापलेलं आहे. त्यानंतर उजव्या कडेला एक अरुंद रकाना आहे आणि त्याच्या डोक्यावर रोमन अक्षरांत लिहिलंय : दिवे.

युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही सायकल क्लबच्या पुस्तिकेत हा रकाना नाही, हे मी पैजेवर सांगतो. तो माझा आहे. पानाच्या तळाशी मार्ग आखणाऱ्याचं नाव आहे, ते मात्र माझं नाही. आल्मेरेत आमच्या घरी जो येतो त्याला मी ही हकिकत सांगतो. बायको म्हणते, "अहो, पुरे आता. पाहुण्यांचा चहा गार झाला." म्हणून एकदा लिहूनच काढतो.

दिवे म्हणजे दिवे घाट. पुण्याहून सासवडला जाताना लागतो तो. पायथ्याच्या वडकीपासून माथ्यापर्यंत चार-साडेचार किलोमीटर, आणि चढ साधारण अडीचशे मीटर. कॉलेजात असताना मी हडपसरच्या एका बेकरीचा माल सायकलवरून गावोगाव पोचवायचो. पाव, खारी, टोस्ट. कॅरिअरवर पत्र्याची पेटी, हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. बेकरीत सहा सायकलवाले होते आणि घाटावरची गावं एकालाही नको होती. मी म्हटलं, मी घेतो. मालकाने डोळे बारीक करून विचारलं, "जास्तीचं काय मागणार?" मी पैसे मागितले नाहीत. म्हटलं, "वर्षभर एकही खाडा न करता घाट चढलो, तर ही सायकल माझी." मालक हसला. पावसाळ्यात हा पळून जाणार, अशी त्याची खात्री होती.

मी पळालो नाही. वर्ष भरलं त्या सकाळी मी दुकानात जाऊन उभा राहिलो. त्याने वही बघितली, मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मग आत जाऊन खारीचा एक पुडा आणला आणि तोही दिला. पुडा ठरलेला नव्हता. पण आमच्याकडे सौदा झाला की वरून काहीतरी पडतंच. भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या, कापडावर चार बोटं जास्तीचं कापड. देणारा त्यावर बोलत नाही, घेणारा आभार मानत नाही.

त्या सायकलवर मी कॉलेज संपवलं, संध्याकाळचा कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरी धरली. पुण्याच्या कंपनीने मला नेदरलँड्सला पाठवलं तेव्हा ती सायकल मी भावाला दिली. माझ्यासाठी कुणी कुठे शब्द टाकला नव्हता. जे मिळालं ते मागून, भांडून, घासाघीस करून मिळालं. त्याची मला लाज वाटत नाही.

आल्मेरे हे गाव समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर वसलंय. घरं मोठी, भाडं परवडणारं आणि जमीन हातरुमालासारखी सपाट. आमच्या भागातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. शनिवारी सकाळी तिथून सायकलवाल्यांची एक टोळी जायची. मी आठवडाभर ॲमस्टरडॅमच्या ट्रेनमध्ये आणि ऑफिसच्या खुर्चीत बसून कंटाळलेला. एका शनिवारी त्यांच्या मागे लागलो, आणि मग क्लबचा सभासद झालो.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी सगळ्यात मागे असायचो. या देशात चढ नाही, पण वारा आहे. इथली माणसं वाऱ्यात तिरकी ओळ करतात. एकाच्या आडोशाने दुसरा, दुसऱ्याच्या आडोशाने तिसरा, आणि पुढचा दमला की न सांगता मागे येतो. हे त्यांना चालण्याइतकं सहज येतं. मी कधीच ओळीत चाललेलो नव्हतो. घाटात मी एकटाच असायचो. त्यामुळे वारा सुटला की मी ओळीबाहेर पडायचो आणि कालव्याच्या कडेने एकटाच धापा टाकत घरी यायचो. मुलगी दारात उभी राहून डचमध्ये विचारायची, "बाबा, आज पण शेवटचा?" मी मराठीत सांगायचो, "तुला काय करायचंय?"

आमच्या क्लबचा अध्यक्ष साठीचा. उंच, हाडकुळा, पाणी-खात्यातून निवृत्त झालेला. त्याचं सगळं आयुष्य बांध आणि कालव्यांवर पाण्याची पातळी सेंटीमीटरमध्ये मोजण्यात गेलेलं. क्लबात सगळे एकमेकांना एकेरीतच हाक मारायचे, त्यालाही. मला सुरुवातीला जड गेलं, मग मी त्याच्याशी भांडायला लागलो आणि एकेरी आपोआप जमलं.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात स्पेनची सहल ठरली. कांताब्रिया नावाचा उत्तरेकडचा भाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाचे डोंगर आणि मधे हिरव्या दऱ्या. अध्यक्षाने मार्ग आखला आणि तक्ता बनवायचं काम मला दिलं, कारण मी कॉम्प्युटरवाला. मी नकाशे मागवले, उंचीच्या रेषा असलेले. तीन रविवार जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. आणि बघतो तर काय, या माणसाने सगळा मार्ग पट्टी ठेवून आखावा तसा आखला होता.

तिथल्या नद्या दक्षिणेच्या डोंगरातून निघून उत्तरेला समुद्राकडे जातात. दोन नद्यांच्या मधे एकेक डोंगराची सोंड. अध्यक्षाला पूर्वेकडून पश्चिमेला जायचं होतं, म्हणजे प्रत्येक सोंड चढायची आणि उतरायची. दुसऱ्याच दिवशी तीन खिंडी, आणि किलोमीटर नव्वद. आल्मेरेच्या बांधावर नव्वद किलोमीटर म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंतचं काम. त्याने भागाकार तोच केला होता. त्याला उंची कळत नव्हती असं नाही. पण त्याच्या लेखी उंची पाण्याला असते, रस्त्याला नसते.

मी तक्त्यात एक रकाना वाढवला आणि त्यात चढ लिहिला. मीटरचे आकडे मला स्वतःला काही सांगत नव्हते, म्हणून कागदावर प्रत्येक आकड्याला अडीचशेने भागलं. लगेच पोटऱ्यांना कळलं. दुसरा दिवस : चार दिवे. पाचवा दिवस, सान ग्लोरिओची खिंड : पाच दिवे, एकामागून एक, मधे उतार नाही. मी बायकोला म्हटलं, "पाच वेळा दिवे घाट, सलग."

ती भांडी पुसत म्हणाली, "पेटी घेऊन का?"

"पेटी नाही. आणि सायकलला सत्तावीस गिअर."

"मग कसला घाट तो," ती म्हणाली. त्या क्षणापासून मला सान ग्लोरिओ चढायचाच होता.

मार्चमधली बैठक एका सभासदाच्या घरी होती. अध्यक्षाने तक्ता वाटला. माझा रकाना गायब. मी विचारलं तर म्हणाला, "आकडे बघून लोक घाबरतात. चढ आला की चढायचा. आणि पान पुरत नव्हतं." मी गप्प बसलो, कसा ते माझं मलाच ठाऊक. मग व्हॅन कोण चालवणार हा विषय निघाला. रोज एकाने सायकल सोडून सामानाची व्हॅन चालवायची, आणि कुणी कधी ते चिठ्ठ्यांनी ठरवायचं. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. मी मोजल्या. सात दिवस, चिठ्ठ्या सहाच.

"सातवी कुठे?"

"पाचवा दिवस भरलाय," अध्यक्ष म्हणाला. "त्या दिवशी तू चालवशील."

"मी? का?"

"तू वाऱ्यात मागे पडतोस. डोंगरात आणखी मागे पडशील. खिंडीवर थंडी असते. दहा जणांनी तुझ्यासाठी दोन तास थांबायचं का? यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही."

इथली माणसं असं बोलतात आणि त्यांना खरंच वाटतं की वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मी टेबलावर हात आपटला, तीन कपांतली कॉफी सांडली. "मी सायकल इथे येऊन शिकलो असं वाटतं का तुम्हाला?"

"मग कुठे शिकलास?" त्याने शांतपणे विचारलं आणि फडक्याने कॉफी पुसायला घेतली.

मी घाट सांगितला, बेकरी सांगितली, पेटी सांगितली.

"पाव घेऊन डोंगरावर?" एकाने विचारलं.

"खालीच का नाही विकला?" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. वाईट हेतूने नाही. पण हसले. बैठकीच्या टिपणात लिहिलं गेलं : पाचवा दिवस, व्हॅन, माझं नाव. इथे टिपणात लिहिलेलं म्हणजे दगडावरची रेघ.

घरी येऊन मी जेवलो नाही. अध्यक्षाचा अंदाज खोटा नव्हता, वाऱ्यात मी मागे पडतोच. पण इतरांचे दिवस टोपीतून निघाले आणि माझा तेवढा आधी लिहिला गेला, हे माझ्या घशाखाली उतरेना. "जाऊ नका मग," बायको म्हणाली. मी म्हटलं, "जाणार. आणि तो दिवस परत घेणार." ती म्हणाली, "तिथे मंडईतल्यासारखं भांडू नका म्हणजे झालं."

जूनमध्ये आम्ही सान्तान्देरला उतरलो. पहिला दिवस किनाऱ्याने गेला. छोटे छोटे उंचवटे, हिरवी कुरणं, दगडी घरं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. पिठासारखा बारीक पाऊस पडून जायचा आणि लगेच ऊन. मला तो हिरवा रंग ओळखीचा वाटला. उतारावर धरून राहिलेल्या गवताचा तो रंग सपाट देशात दिसत नाही. बाकीचे फोटो काढत होते, मी सारखा वर बघत होतो. त्या दिवशीही सगळे थोडे दमले, पण कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली खिंड लागली, कार्मोनाची. दीड दिवे. आमच्यात एक परिचारिका होती, मोठ्याने हसणारी, हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून पोलादी झालेली. त्या दिवशी व्हॅन तिच्याकडे होती. ती पुढे जाऊन खिंडीवर थांबली आणि तिने नंतर मला सांगितलं की वर येणारे चेहरे बघून तिला ऑक्सिजन काढावासा वाटला. या लोकांना चढताना बसायचं कसं तेच माहीत नव्हतं. वाऱ्यात मारतात तसे ते जोराने पायडल मारत पहिल्या किलोमीटरला सुटले आणि दुसऱ्याला विझले. घाटात पाय मोजून टाकायचे असतात. तोंड बंद, नजर चाकापुढे चार हात, आणि पेटीतला टोस्ट खडखडला नाही पाहिजे असं चालायचं. मी शेवटून निघालो आणि वर तिसरा पोचलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण कुणीच लक्ष देण्याच्या अवस्थेत नव्हतं.

खाली उतरलो ते नान्सा नदीच्या काठच्या एका गावात. दुपारचे दोन वाजले होते. चौकातल्या बारच्या पायऱ्यांवर आमची माणसं जागा मिळेल तिथे बसली. दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. एकजण बूट काढून सरळ फरशीवर आडवा झाला. मुक्काम पोतेस नावाच्या गावी ठरलेला, अजून पंचेचाळीस किलोमीटर आणि मधे दोन खिंडी. अध्यक्ष तक्ता हातात धरून उभा होता. त्या चार रकान्यांत त्याला उत्तर सापडत नव्हतं.

मी माझा नकाशा काढला, सायकलच्या दांडीवर पसरला, बघितला आणि घडी घातली.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"दुसरा रस्ता आहे. सगळे पोचतील. रडत नाही, गात पोचतील."

"दाखव."

"दाखवतो. आधी पाचव्या दिवसाचं बोलू."

त्याने तक्ता खाली केला. "इथे? आत्ता?"

परिचारिका व्हॅनला टेकून सफरचंद खात होती. ती म्हणाली, "हा बाजारात आलाय."

"पाचव्या दिवशी मी सायकल चालवणार," मी म्हटलं.

"टिपणात लिहिलंय."

"टिपणात हेही लिहिलंय की आज नव्वद किलोमीटर सहज होतील."

फरशीवर आडवा झालेला माणूस डोळे न उघडता म्हणाला, "त्याला दिवस देऊन टाक."

"ही अडवणूक आहे," अध्यक्ष म्हणाला.

"हा सौदा आहे. तुझ्याकडे दिवस आहे, माझ्याकडे रस्ता."

आता कबूल करायला हरकत नाही, त्याने नाही म्हटलं असतं तरी मी रस्ता दाखवलाच असता. माणसं खरंच दमली होती. पण ते त्याला माहीत नव्हतं, आणि मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"बरं. मग त्या दिवशी व्हॅन कोण चालवेल?"

"तू."

सान ग्लोरिओचा फोटो त्याच्या घरी भिंतीवर लावलेला होता, तो सगळ्यांनी बघितला होता. परिचारिका म्हणाली, "अरे, मी चालवते ना परत. मला काही नाही."

"नाही," मी म्हटलं. "ज्याने माझा दिवस भरला, त्यानेच."

त्याने तक्त्याची घडी घालून खिशात टाकली. मग हात पुढे केला. "ठरलं." मी हात मिळवला. लगेच म्हणाला, "आता रस्ता." आवाजात राग नाही, कडवटपणा नाही. मला वाटलं होतं तो धुसफुसेल. त्याला राग येत नाही याचाच मला राग आला.

मी नकाशा उघडला. "सरळ जायचं नाही. ही नदी समुद्राकडे जाते, तिच्याबरोबर वीस किलोमीटर उतरायचं. मग थोडं किनाऱ्याने. मग दुसरी नदी, तिचं नाव देवा. ती डोंगर फोडून आलीय आणि रस्ता तिच्या कडेने वर जातो, इतका हळू की कळणारही नाही. एकूण पासष्ट."

"वीस किलोमीटर जास्त?"

"वीस किलोमीटर जास्त, अडीच दिवे कमी."

"अडीच काय?"

"मघाशी चढलास तो दीड होता."

त्याने पायरीवरच्या माणसांकडे बघितलं आणि मान हलवली.

त्या संध्याकाळी काय झालं ते मात्र बघण्यासारखं होतं. सपाट रस्ता लागला तशी ही माणसं जिवंत झाली. किनाऱ्यावर वारा सुटला, त्यांनी तिरकी ओळ धरली आणि एखाद्या यंत्रासारखी निघाली. मी रस्ता दिला होता आणि मीच मागे पडलो! शेवटी अध्यक्ष ओळीतून मागे आला, माझ्या वाऱ्याच्या बाजूला राहिला आणि काही न बोलता मला ओळीपर्यंत घेऊन गेला. हे सौद्यात नव्हतं. ते माझ्या ध्यानात तेव्हा आलं नाही.

देवा नदीची घळ इतकी अरुंद की आभाळ एखाद्या पट्टीएवढं दिसतं. दोन्ही बाजूंना कातळ सरळ उभे, खाली हिरवं पाणी. त्या उजेडात, उशिरापर्यंत टिकणाऱ्या जूनच्या उजेडात, बाराही माणसं पोतेसला पोचली. खरंच कुणीतरी गात होतं.

पाचव्या दिवशी सकाळी अध्यक्ष सगळ्यांच्या आधी उठला, सामान व्हॅनमध्ये रचलं, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि माझ्या चाकांतली हवासुद्धा तपासली. शब्दाला तो पक्का होता.

सान ग्लोरिओचा रस्ता सत्तावीस किलोमीटर चढतच जातो. आधी शेतं आणि चेरीची झाडं, मग ओकचं जंगल, मग झाडं संपतात आणि उतारावर पिवळ्या फुलांची झुडपं सुरू होतात. मी पहिला दिवे मोजला, दुसरा मोजला. बाकीचे आता शहाणे झाले होते, त्यांनी माझी चाल धरली होती. तिसऱ्या दिवेला ओळ तुटली. चौथ्याला माझ्यापुढे एकच माणूस उरला, तिशीतला पोस्टमन, आणि त्याचं वजन माझ्या पेटीएवढं असेल. कान बंद झाले होते. पोटऱ्या बोलत होत्या, पण ओळखीच्या भाषेत. बेकरीच्या मालकाचा हसरा चेहरा, बैठकीतलं हसू, टोपीतल्या सहा चिठ्ठ्या, सगळं मी पायडलखाली घालत होतो. राग हे चांगलं इंधन आहे, फक्त तो हळूहळू जाळता आला पाहिजे.

चौथा दिवे संपला तिथे एका वळणावर व्हॅन उभी होती. अध्यक्ष बाहेर उभा, आणि व्हॅनवरची स्वतःची सायकल त्याने खाली काढलेली. मी थांबलो.

"शेवटचा एक मला दे," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटचा दिवे. पाचातला एक." हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "परिचारिका मागून येतेय. तिचे गुडघे दुखतायत, ती व्हॅन घ्यायला तयार आहे. पण सौदा तुझ्याशी झालाय. म्हणून विचारतोय."

साठीचा माणूस रस्त्याच्या कडेला हेल्मेट घालून उभा. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर लगेच हो म्हणाला असता. मी म्हटलं, "बदल्यात काय?"

तो हसला. "वाटलंच मला."

"रकाना. पुस्तिकेत. स्पेनच्या सगळ्या दिवसांना."

"मीटरमध्ये?"

"दिवेमध्ये."

त्याने विचार केला. "तळटीप लागेल. एक दिवे म्हणजे किती, ते."

"टाक."

"ठरलं," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

परिचारिका आली, व्हॅनमध्ये बसली आणि आम्ही दोघं निघालो. त्याचे पाय ताजे होते. पहिल्याच वळणाला तो पन्नास मीटर पुढे गेला. मी चाल बदलली नाही. मधेच तो डुलायला लागला, वाऱ्यातली सवय. मी त्याच्या बाजूने गेलो तेव्हा म्हटलं, "जीभ आत. हळू. टोस्ट फुटतील." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने चाल कमी केली.

माथ्यावर पोचलो. मागे बर्फाचे सुळके, पुढे दुसऱ्या बाजूचा वेगळाच, सुका, पिवळसर मुलूख. वारा असा की सायकल धरून ठेवावी लागत होती. पण हा वारा मी कमावलेला होता. पोस्टमनने टाळ्या वाजवल्या. दोन वळणं खाली अध्यक्ष येत होता, हळू, तोंड बंद, नजर चाकापुढे. वर आला, सायकलवर ओणवा झाला, बोलता येईना. त्याने पाच बोटं वर केली आणि माझ्याकडे दाखवली. मग एक बोट, स्वतःकडे. मी मान डोलावली. मोजणी बरोबर होती.

त्या रात्री जेवताना कुणी विचारलं नाही की उद्या किती किलोमीटर. विचारलं, "उद्या किती दिवे?" मी तक्त्यात न बघता सांगितलं, "पाऊण." टेबलावर जल्लोष झाला.

नोव्हेंबरमध्ये त्या वर्षीच्या सहलींची पुस्तिका छापून आली. रकाना होता, सातही दिवसांचा, एकही आकडा चुकलेला नाही. तळटीप होती : एक दिवे म्हणजे अडीचशे मीटर चढ. दुसऱ्या दिवसापुढे माझा नदीचा रस्ता होता. आणि त्याखाली, दर वर्षीच्या जागी, दर वर्षीसारखं : मार्ग, अध्यक्षाचं नाव.

मी तिथल्या तिथे फोन लावला. "माझं नाव कुठाय?"

तिकडे पान उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ते ठरलं नव्हतं."

"ठरलं नव्हतं म्हणजे? रस्ता माझा, रकाना माझा!"

"तू दिवस मागितलास, दिला. रकाना मागितलास, दिला. नाव मागितलं असतंस तर तेही दिलं असतं." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, आश्चर्य होतं. मी फोन आपटला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "इथे कोथिंबीरसुद्धा वेगळी मागावी लागते. किती वर्षं झाली तुम्हाला येऊन?"

त्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा पुस्तिका बरोबर नेली. हडपसरची बेकरी अजून आहे. मालक आता गल्ल्यावर बसत नाही, बाजूला खुर्ची टाकून बसतो. मी पान उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि रकान्यावर बोट ठेवलं. त्याने चष्मा लावून अक्षरं जुळवली.

"दिवे? आपला घाट?"

"आपला घाट. गोरी माणसं स्पेनचे डोंगर त्यात मोजतात."

त्याने शेजारच्या पोळीवाल्याला हाक मारून बोलावलं, गिऱ्हाइकांना दाखवलं, पोराला सांगितलं, "बघ, याला मी सायकल दिली होती." मी दुरुस्त केलं, "दिली नव्हती. मी कमावली होती." तो म्हणाला, "तेच ते." मग पान पुन्हा जवळ धरून खालपर्यंत वाचत गेला.

"आणि तुझं नाव कुठाय रे?"

"मागायचं राहिलं," मी म्हटलं.

"तू? तू मागायचा राहिलास?" तो हसायला लागला तो खोकला येईपर्यंत. नोकराने पाणी आणून दिलं. मग त्याने मला घरी न्यायला खारी बांधायला सांगितली, पैसे घेतले, पुडा स्वतः हातात घेतला आणि दोरा सैल करून वर चार टोस्ट सरकवले.